शिवू नका, बटन लावा

आई, तू होतीस तेव्हा मी तुला चार ओळींच्या वर कधी पत्र लिहिलं नाही. इकडे सगळं ठीक, तिकडचं कळव, तब्येतीला जप, की भरलं पोस्टकार्ड. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझे गुडघेसुद्धा तुझ्या गुडघ्यांसारखे कुरकुरायला लागले, आणि आज मी गारखेड्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत कागद घेऊन बसले आहे. परीक्षा संपल्यावर उत्तर आठवलं म्हणून धावत आलेल्या पोराला तू काय म्हणायचीस ते मला ठाऊक आहे. तरी ऐकून घे. मला तुझ्या सायकलीबद्दल बोलायचं आहे.

तिला सायकल म्हणायचं की फटफटी, हे आपल्या देवगाव रंगारीत कुणालाच ठरवता आलं नाही. लोक तिला गिरणी म्हणायचे. तू सकाळी निघालीस की गल्लीच्या तोंडाशी बसलेली माणसं म्हणायची, "निघाली बाईंची गिरणी!" आणि खरंच ती दळण चालू असल्यासारखी वाजायची. तुला त्याचं काही वाटायचं नाही. तू उलट म्हणायचीस, "दळून आणते की रोज. चाळीस पोरं दळते." मला मात्र तो आवाज ऐकला की जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या, तेव्हा शिकवायला बायका मिळेनात. म्हणून तुझ्यासारख्या, निजामाच्या शाळेत उर्दूतून सातवी झालेल्या सुनेलासुद्धा बोलावून नोकरी दिली, असं तू सांगायचीस. पुढं दादा गेले, तुझं कुंकू पुसलं, आणि ती नोकरीच आपलं घर झाली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची शाळा, मास्तर तू, शिपाई तू, घंटा वाजवणारीही तू. तू पोचली नाहीस तर कुलूपच उघडायचं नाही. तिकडं एस.टी. जात नव्हती. लेडीज सायकलवर तू इतकी वर्षं काढलीस, आणि मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी पायडल मारायचं नाही असं बजावलं. तू ते मुकाट्यानं ऐकलंस आणि सरळ बाजारातल्या सायकल मिस्त्रीकडे गेलीस. मी तेव्हा सुट्टीत घरी होते, म्हणून तुझी पिशवी धरून बरोबर आले होते.

मिस्त्रीनं कापसावर औषध मारायच्या पंपाचं एक छोटं इंजिन भंगारातून आणून ठेवलेलं होतं. ते सायकलीला बसवायचं, एवढं ठरलं होतं; कुठं, ते ठरायचं होतं. त्या पत्र्याच्या शेडात तुमची जुंपली ती मला आजही समोर दिसते. मिस्त्री डोकं खाजवतोय आणि म्हणतोय, "बाई, लेडीज सायकल में जगा कां है? जेंट्स लेके आव, बीच में बिठा देतों." तू म्हणतेस, "व्हय, आन् लुगडं नेसून दांडीवरनं टांग टाकू का मी?" मग तो पुढच्या चाकावर बसवू म्हणाला. तू दोन्ही हात हवेत धरून हँडल वळवून बघितलंस आणि मान हलवलीस. "पुढं नको. धूर सगळा तोंडावर. आन् ओढ्याच्या वाळूत येवढं वजन हँडलवर घेऊन मी वळू कशी?" राहिलं मागचं कॅरिअर. पण कॅरिअरवर पोरगं बसवलं तरी ते वाकतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणून कॅरिअरपासून खाली चाकाच्या आसापर्यंत दोन लोखंडी पट्ट्या घ्यायच्या, म्हणजे भार आसावर जाईल. आणि इंजिनाचा रूळ वरून टायरवर टेकला की चाक फिरेल, असं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. शेवटी मिस्त्री म्हणाला, "पक्का वेल्डिंग मारतों. जिंदगीभर हिलता नै." आणि तू ते वाक्य म्हणालीस.

"शिवू नका, बटन लावा."

तो म्हणाला, "मतलब?" तू त्याला समजावलंस, की इंजिन वाटेत बंद पडलं तर ते सोडून ठेवून पायानं तरी घरी येता आलं पाहिजे. आणि सायकलीची नळी आधीच पातळ, तिला आग कशाला लावायची. नट आवळायचे क्लॅम्प लाव, मध्ये जुन्या टायरचे तुकडे घाल, म्हणजे नळी चावली जाणार नाही. मिस्त्री हसून म्हणाला, "हौ बाई, बटन तो बटन." मी पिशवी या हातातून त्या हातात घेत होते आणि हे कधी संपतंय याची वाट बघत होते. त्या इंजिनाला मी साधं बोटसुद्धा लावलं नाही. हे नीट वाच, पुढं लागणार आहे.

तुझी शाळा वाचली. आधी दोन-चार पायडल मारायचे, मग इंजिनाची दांडी ओढून रूळ टायरवर सोडायचा, की गिरणी चालू. पुढं मी शहरात मामाकडे कॉलेजला परत गेले. वर्षभरात कधीतरी इंजिनाच्या थरथरीनं आपलं काम केलं. लेडीज सायकलीला वरची दांडी नसते; पुढून वाकून आलेली नळी सीटखालच्या उभ्या नळीला जिथं मिळते, तिथंच सगळा ताण येतो. त्या जोडाशी रंगात गंजाची एक रेष आली, केसाएवढी. मिस्त्री म्हणाला, सायकल सोडून जा, जोडावर बाहेरून चढवायची नळी शहरातून आणतो. तू म्हणालीस, परीक्षा झाल्या की, सुट्टी लागली की. मग त्यानं तुझ्या पर्समधली पेपर तपासायची लाल पेन्सिल मागून घेतली आणि रेषेच्या टोकापुढं दोन तांदूळ अंतर सोडून एक खूण केली. रेष त्या खुणेला टेकली तर सायकल त्याच दिवशी उभी करायची, असं त्यानं तुझ्याकडून वदवून घेतलं. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तू ओल्या फडक्यानं तो जोड पुसायचीस आणि चष्मा कपाळावर सारून वाकून बघायचीस. हे सगळं मला नंतर कळलं. मी घरी आले की मला एवढंच दिसायचं, की तुझ्या सायकलीला लाल शाई लागली आहे आणि ती तू पुसत नाहीस.

मग मला बघायला यायचं ठरलं. मुलगा शहरात कारखान्यात सुपरवायझर, माणसं शिकलेली. मामानं स्थळ आणलं होतं. आपण भिंतींना चुना दिला, शेजारून कपबश्या आणल्या, दाराला नवा पडदा शिवला. आणि ओसरीवर तुझी सायकल उभी, तेलकट, गंजलेली, पाठीवर इंजिन घेतलेली. घरात घेतली तर पेट्रोलचा वास, मागं न्यावी तर उकिरडा. मी तुला काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो.

"ते धूड कुठंतरी नेऊन टाक ना. बाईमाणूस फटफटी हाकतंय, म्हणून काय म्हणतील ते? माझं जमायचं असलं तरी मोडेल."

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त म्हणालीस, "टाकू कुठं गं? सोमवारी शाळा हाय." आणि संध्याकाळी तू शाळेतला डबा घेऊन आलीस. फळ्याचा काळा रंग. उन्हाळ्यात फळ्याला देऊन उरलेला. तू पदर खोचून ओसरीत बसलीस आणि सायकल रंगवायला घेतलीस. आधी हँडल, मग पुढच्या नळ्या. सीटखालच्या जोडाशी आल्यावर तू थांबलीस. फडक्यानं पुसलंस, वाकून बघितलंस, आणि ब्रश हातात धरून तशीच बसून राहिलीस. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मला वाटलं, दमलीस. मी म्हणाले, "आटप की आई, अंधार पडतोय." तू ब्रश बुडवलास आणि त्या जोडावरून दोनदा फिरवलास.

सायकल छान दिसायला लागली, हेही खरं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी तिच्यावर खडूनं आपली नावं लिहून बघितली.

पाहुणे आले. मी पोहे दिले, पाटावर बसले, अंगठ्याकडे बघत राहिले. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं बोलायचं नसतं. विचारलं तर नाव सांगायचं, शिक्षण सांगायचं. मुलाचे वडील शेतीवाडीचं विचारत होते आणि मुलगा सारखा बाहेर ओसरीकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तो सरळ उठून बाहेर गेला, पँट सावरून सायकलीपाशी उकिडवा बसला आणि तिथूनच विचारलं, "हे इंजिन कोणी बसवलं?"

तू दारात होतीस. तू माझ्याकडे बघितलंस, एकदाच. आणि म्हणालीस, "हिनं."

तो म्हणाला, "वेल्डिंग का नाही केलं?"

"मिस्त्री मारतच होता," तू म्हणालीस. "हीच म्हणली त्याला, शिवू नका, बटन लावा."

तो हसला. ते हसणं ऐकून मी मान वर केली, आणि त्याचं माझ्याकडे बघणं पार बदललेलं होतं. पोहे खाताना त्यानं ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की मी नाही, आईनं. पण मुलीनं बोलायचं नसतं ना! ती रीत मला तेवढ्यापुरती फार सोयीची पडली. माझं गप्प राहणं त्यांना विनय वाटलं. जाताना मुलाचे वडील मामाला म्हणाले, पोरगी हुशार आहे पण मिरवत नाही. चार दिवसांत होकार आला.

तू तशीच शाळेत जात राहिलीस. परीक्षा तोंडावर होत्या. शनिवारी तू फडकं घेऊन बसायचीस, पण त्या काळ्या रंगावर ना गंज दिसायचा ना रेष. ओढ्याची धूळ तेवढी दिसायची. तू नखानं खरवडून का बघितलं नाहीस, असं मी पुष्कळदा मनात विचारलं आहे. आणि मलाच उत्तर येतं. लग्न ठरलेलं, नवरामुलगा येता-जाता सायकल बघायला यायचा, त्याच्या कौतुकाची वस्तू तू खरवडून कशी ठेवशील?

ओढ्याच्या उतारावर ती नळी तुटली. सायकल मधोमध दुमडली आणि तू दगडांवर पडलीस. वस्तीवरच्या माणसांनी तुला बैलगाडीत घालून आणलं. उजवं मनगट मोडलं होतं. मिस्त्रीनं सायकलीचे तुकडे आपल्या ओसरीत आणून टाकले आणि तिथंच बसून ब्लेडनं जोडावरचा काळा रंग खरवडला. खालून लाल खूण निघाली. रेष तिच्या बरीच पुढं जाऊन गोल फिरली होती. तो मान वर न करता म्हणाला, "बाई, अपना बोलना क्या हुआ था? निशानी पे कायकू रंग मारे?" मी तिथं तुझ्या उशाशी बसले होते. मला तेव्हा ती शाई कसली ते कळलं, आणि तो थांबलेला ब्रश आठवला. तू पडल्या पडल्या म्हणालीस, "चूक माझी हाय. फळा पुसायच्या आधी उतरून घ्यावं, असं पोरांना रोज सांगते, आन् मीच इसरले." मिस्त्री माझ्याकडे बघत नव्हता. तूही नाही. तुम्ही दोघांनी मला वाचवलंत आणि मी वाचले.

एवढ्यावरही संपलं असतं. पण सासरकडची माणसं तुला बघायला यायची होती, आणि तू मला जवळ बोलावून सांगितलंस, "आडावर पाय घसरला म्हणून सांगायचं. गाडीचं नाव काढू नको. पोरीनं बसवलेल्या इंजिनानं आईलाच पाडलं, असं नको व्हायला." बघ, एक खोटं सांभाळायला दुसरं. मी मान डोलावली. लग्नात तू गळ्यात हात बांधून अक्षता डाव्या हातानं टाकल्यास. मनगट वाकडं बसलं. खडू धरता येईना, फळ्यावर ओळ सरळ जाईना. शाळेला महिनोन् महिने कुलूप राहिलं, मग दुसरे मास्तर आले, आणि तू वेळेआधी घरी बसलीस. लोकांना आपण गुडघ्यांचं कारण सांगितलं. वस्तीवरची पोरं बाजारच्या दिवशी तुला भेटायला यायची. तू त्यांच्या पाट्या मागून घ्यायचीस आणि डाव्या हातानं बरोबरची खूण करायचीस, वाकडीतिकडी. मी माहेरी आले की ते बघवत नसे, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसायचे, घासलेलीच.

ह्यांचं मात्र कौतुक थांबलं नाही. कारखान्यात नव्या पोरांना शिकवताना हे म्हणायचे, आमच्या घरचा एक नियम आहे, शिवू नका, बटन लावा. तू आमच्याकडे राहायला यायचीस तेव्हाही, आठवतं ना, जेवताना हे तुलाच तुझं वाक्य ऐकवायचे. तू ताटाकडे बघत म्हणायचीस, "ती ल्हानपणापासून तशीच हाय." आणि डाव्या हातात चमचा धरून वरणभात खायचीस. माझ्यापुढं तेव्हा किती संधी येऊन गेल्या! एकदा तर हे म्हणालेसुद्धा, "आई, तुमचा हात आडावर इतका कसा मोडला हो?" मी उठून पोळी आणायला गेले. तू शेवटच्या आजारात होतीस तेव्हा मी ठरवलं होतं, की तुझ्यासमोर ह्यांना सगळं सांगायचं. तू गेलीस, आणि खरं सांगते, त्या रडण्यात कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता आज का लिहितेय ते सांगते. परवा नात आली होती. कॉलेजात इंजिनिअरिंग शिकते. तिनं जुनी सायकल घेतली आहे आणि तिला बॅटरीची मोटर बसवायची आहे. चाकात बसवू की मध्ये, बॅटरी कॅरिअरवर ठेवू की नळीवर, असं ती ह्यांना विचारत होती. हे म्हणाले, "मला काय विचारतेस? आजीला विचार. तिनं त्या काळात लेडीज सायकलला इंजिन बसवलं होतं. शिवू नका, बटन लावा, हे वाक्य तिचं!" पोरगी डोळे मोठे करून माझ्यासमोर येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं. कॅरिअरवर नुसता भार टाकू नको, तो आसापर्यंत ने. नळीला भोक पाडू नको, वेल्डिंग करू नको, क्लॅम्पखाली रबर घाल. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं जोड पूस आणि वाकून बघ. रेष दिसली तर तिच्या टोकापुढं खूण कर. आणि काही झालं, कुणीही येणार असलं, तरी त्या खुणेवर रंग देऊ नको. ती फोनवर सगळं लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, "आजी, तुला हे एवढं कसं माहीत गं?"

तोंडाशी आलं होतं, आई. मी म्हणाले, "अनुभवानं."

हे पत्र तुला पोचायचं नाही. ज्यांना पोचायला हवं ते आत पेपर वाचत बसले आहेत, हाक मारली तर बाहेर येतील. ते रागावणारही नाहीत, एवढी वर्षं ओळखते मी त्यांना. पण त्या दिवशी ओसरीत उकिडवं बसून त्यांनी जिला पसंत केलं ती तू होतीस, मी नव्हते. हे त्यांना कळल्यावर ते माझ्याकडे कसं बघतील, ते मला बघायचं नाही. म्हणून हा कागद मी त्यांच्या हातात देणार नाही. फाडून टाकीन, नाहीतर साड्यांच्या तळाशी ठेवीन.

आणि एक सांगायचं राहिलं. परवा ते वाक्य माझं म्हणून त्यांनी नातीला सांगितलं ना, तेव्हासुद्धा, आई, मला बरं वाटलं.